निकोडेमस, कॅन्सस: फुकट जमीन कोणाला मिळाली, कोणाची परत घेतली

सोनचाफा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात विचिटाहून साडेतीन तास गाडी चालवत निकोडेमसला जाऊन आले. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, आज मुलं लवकर झोपली म्हणून बसलेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

कॅन्ससच्या वायव्येला, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ हे गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी १८७७ साली वसवलेलं. आता मोजकी घरं आणि पाच जुन्या इमारती उरल्यात: टाउनशिप हॉल, शाळा, दोन चर्चं आणि एक हॉटेल. १९९६ पासून सरकारने ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलंय.

माझं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे उघडं माळरान मला नवीन नाही. पण आमच्या माळावर एखादी बाभळ असते, टेकाड असतं, नजर कुठेतरी टेकते. इथे टेकायला काहीच नाही. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने हातातून हिसकावून घेतलं.

विलियाना हिकमन नावाची एक बाई १८७८ च्या वसंतात केंटकीहून इथे आली. तिची आठवण नोंदवलेली आहे. एलिस स्टेशनावर उतरले तर गोवराची साथ, त्यात काही मुलं दगावली. तिथून पुढे दोन दिवसांची वाट. ही आजारी. पुरुष एकदम ओरडले, ते बघा निकोडेमस! ही डोळे ताणून बघते, तर काहीच नाही. नवऱ्याने बोट करून दाखवलं: जमिनीतून जागोजागी धूर निघत होता, ते निकोडेमस. लोक जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहत होते. ती म्हणते, मला रडू आलं.

हे वाचून मी बाहेर आले आणि बराच वेळ नुसती पायाखालच्या गवताकडे बघत उभी राहिले. धूर जमिनीतून.

त्याआधीच्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे तीनशे माणसं आली होती. काही ते भकास रान बघून आल्या पावली परतली. राहिली त्यांच्याकडे नांगर नाहीत, बैल नाहीत, लाकूड नाही आणि हिवाळा तोंडावर. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ रहिवासी लोकांनी आपल्यातलं मांस दिलं म्हणून आम्ही जगलो, असं तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीत. त्या ओसेजांना स्वतःलाच काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकून दक्षिणेला पाठवलं होतं.

आता प्रश्न असा की ही माणसं इतक्या लांब, जमिनीत बीळ करून राहायला का आली? उत्तर एका शब्दाचं आहे: जमीन. अध्यक्ष लिंकनने २० मे १८६२ ला, उत्तर आणि दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, होमस्टेड कायद्यावर सही केली. पश्चिमेकडची १६० एकर सरकारी जमीन घ्या, सगळी मिळून अठरा डॉलर फी भरा, पाच वर्षं राहा, कसा, मग ती तुमची. अट एकच टोचणारी, अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. पुढच्या काही दशकांत या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन सोळा लाख दाव्यांत वाटली गेली. रेल्वे कंपन्यांना दिली ती निराळी, अंदाजे १३ कोटी एकर.

आणि ज्यांनी दोनशे वर्षं दक्षिणेतली जमीन कसली त्यांना? १२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. स्वतःला आणि बायकोला त्यांनी हजार डॉलरचं सोनं-चांदी मोजून विकत सोडवलं होतं. ते म्हणाले, आम्हाला जमीन असावी आणि आमच्या कष्टाने आम्ही ती कसावी, म्हणजे आम्ही आमचं बघू शकतो. चार दिवसांनी शर्मनचा १५ नंबरचा हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतवरची जमीन मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवली, कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. उन्हाळ्यापर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं त्यावर बसली. त्याच वर्षी ती त्यांच्याकडून काढून घ्यायला सुरुवात झाली आणि जुन्या मळेवाल्यांना परत दिली गेली.

शाळेत आपण लिंकन आणि गुलामांची मुक्ती एवढं शिकतो. माझं म्हणणं असं की या सगळ्या गोष्टीचा कणा जमीन आहे. पश्चिमेची जमीन कोणाची यावरून भांडण पेटलं, आणि युद्ध संपल्यावर मुक्त माणसाला मताचा हक्क कागदावर मिळाला, जमीन काही मिळाली नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

जुना वाचक

सोनचाफाताई, सुंदर लिहिलंयत. मी चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, अमेरिकेचं यादवी युद्ध आम्ही दीड तासिकेत उरकायचो. त्यामुळे थोडी भर घालतो, कारण कॅन्ससची गोष्ट निकोडेमसच्या वीस वर्षं आधीपासून सुरू होते.

१८०३ साली जेफरसनने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतलं आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. तिथून पुढे प्रत्येक नवीन मुलूख आला की एकच वाद: इथे गुलाम ठेवता येणार की नाही? १८२० मध्ये मिसुरीची तडजोड झाली. मिसुरी सोडून, ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामी नाही. चौतीस वर्षं ती रेषा टिकली. कापूस जमीन लवकर खाऊन टाकतो, मळेवाल्यांना सतत नवी जमीन लागायची, आणि नवी जमीन उघडली की त्यांच्याकडच्या गुलामांची किंमत चढायची. शिवाय सिनेटमधली बरोबरी. एक राज्य तिकडे वाढलं की एक इकडे वाढलंच पाहिजे.

१८५४ ला सिनेटर स्टीफन डग्लसने कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला आणि रेषा पुसली. म्हणाला, तिथले रहिवासीच मतदानाने ठरवतील. कागदावर किती छान. ३० मार्च १८५५ ला मतदान झालं. शिरगणतीत मतदार निघाले होते २,९०५. मतं पडली ६,३०७! मिसुरीतून घोड्यांवर, गाड्यांतून टोळ्या आल्या, मतं टाकून परत गेल्या. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की मुलांना वेगळं काही सांगावं लागत नसे.

मे १८५६ मधले चार दिवस बघा. २१ तारखेला गुलामीवाल्यांनी विरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं, जाळलं. २२ ला वॉशिंग्टनमध्ये, भर सिनेटच्या दालनात, ‘कॅन्ससवरचा गुन्हा’ या भाषणाबद्दल गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला दक्षिणेतला खासदार प्रेस्टन ब्रुक्सने काठीने रक्तबंबाळ होईतो मारलं. समनर तीन वर्षं धड कामावर येऊ शकला नाही. २४ च्या रात्री गुलामीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउनने पॉटावॉटमी खाडीकाठी गुलामीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून ओढून काढून तलवारीने मारलं. युद्धाला अजून पाच वर्षं होती, पण कॅन्ससमध्ये ते सुरू झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. कॅन्ससमध्ये गुलामी नको म्हणणारे सगळे काळ्यांचे कैवारी नव्हते. याच मंडळींनी डिसेंबर १८५५ मध्ये काळ्या माणसाला टेरिटरीत (म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखात) येऊच देऊ नये यावर मतदान घेतलं आणि बंदीच्या बाजूने जवळजवळ तिप्पट मतं पडली. त्यांना गुलामांच्या मालकाशी स्पर्धा नको होती, तितकाच काळा शेजारीही नको होता.

निनाद

माहितीपूर्ण धागा. पण एक शंका आहे, रागावू नका. मी चार वर्षं जॉर्जियात काढली. तिथले बरेच लोक ठामपणे सांगतात की युद्ध राज्यांच्या अधिकारांवरून झालं, जकातीवरून झालं, गुलामी हे निमित्त. लिंकनही सुरुवातीला म्हणत होताच की आहे त्या राज्यांतल्या गुलामीला हात लावणार नाही. मग दक्षिण फुटून निघाली ती नेमकी कशासाठी?

सोनचाफा

निनाद, रागवायचं काय त्यात, मीही हेच ऐकत आले होते. मी एक साधा उपाय केला: फुटून निघालेल्यांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचलं. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात दुसऱ्याच वाक्याच्या सुमाराला लिहिलंय की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, जगातला सगळ्यात मोठा आर्थिक हितसंबंध तो हाच. दक्षिणी संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानात म्हणाले की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. हो, तेच सव्हाना. चारच वर्षांनी फ्रेझियर तिथे शर्मनसमोर बसले.

राज्यांच्या अधिकाराचं म्हणाल तर १८५० च्या पळालेल्या गुलामांच्या कायद्याचं काय? त्यात केंद्र सरकारने उत्तरेकडच्या राज्यांत घुसून माणसं पकडून द्यायची होती. तो दक्षिणेनेच आग्रहाने करवून घेतला होता, तेव्हा राज्यांचा अधिकार कुणाला आठवला नाही.

आणि लिंकनबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण डिसेंबर १८६० मध्ये समेटाच्या खटपटी चालू होत्या तेव्हा एका मुद्द्यावर तो तसूभर हलला नाही: नव्या मुलखात गुलामी पसरू देणार नाही. आहे तिथे असू दे, पुढे नको. दक्षिणेने एवढ्यावरून घर मोडलं. म्हणून मी जमीन, जमीन म्हणतेय.

जुना वाचक

सोनचाफाताईंना अनुमोदन. ड्रेड स्कॉट या गुलामाचा खटला राहिला. ६ मार्च १८५७ च्या निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी दोन गोष्टी ठरवल्या. काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. आणि टेरिटरीत गुलामीवर बंदी घालायचा अधिकारच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नाही. आता होमस्टेड कायद्याची अट आठवा: अर्जदार नागरिक असला पाहिजे, किंवा होऊ घातलेला. म्हणजे १८६६ चा नागरी हक्क कायदा आणि १८६८ ची नागरिकत्व देणारी घटनेची चौदावी दुरुस्ती येईपर्यंत काळ्या माणसाच्या अर्जाचा पाया डळमळीतच होता.

वऱ्हाडकर

ताई, धागा वाचला आणि रात्री झोप नाही आली. मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझ्या आजोबांना कूळकायद्यात साडेचार एकर मिळाली. त्याआधी तीस वर्षं तीच जमीन ते दुसऱ्याच्या नावाने वाहत होते. सातबारावर नाव चढलं त्या दिवशी आजोबा तलाठ्याच्या ओट्यावरच बसून राहिले, उठवेना, असं आजी सांगायची. म्हणून त्या बेटांवरच्या चाळीस हजार लोकांचं काय झालं असेल ते मला समजतं. त्यांना जो कागद मिळाला तो मालकीचा होता की नुसता ताब्याचा?

दुसरं म्हणजे, जमीन गेल्यावर त्यांनी जे केलं त्याला आमच्याकडे अर्धेली म्हणतात, बटई म्हणतात. जमीन मालकाची, कष्ट तुमचे, माल अर्धा-अर्धा. ऐकायला बरं वाटतं. पण पेरणीपासून वेचणीपर्यंत पोटाला काय? बियाणं, मका, डुकराचं मांस, कापड, सगळं दुकानदाराकडून उधारीवर, आणि तारण म्हणून अजून उगवायचंय ते पीक. भाव दुकानदार लावणार, व्याज तोच लावणार, वही तोच लिहिणार. डिसेंबरात हिशोब झाला की अर्ध्या वाट्यातून उधारी वजा होऊन हातात शून्य, नाहीतर पुढच्या वर्षावर बाकी. आणि दुकानदार म्हणणार कापूसच लाव, कारण कापूस विकता येतो. घरच्यापुरतं धान्य लावलं तर उधारी कमी लागेल ना, मग तो कसं लावू देईल? हे मी पुस्तकातून नाही सांगत, कृषी केंद्राच्या उधारीच्या चोपडीत वडिलांचं नाव पाहिलंय.

तिसरं, आपलं नातं. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेचा जायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि मँचेस्टर आमच्याकडे वळलं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. मुंबईत पैसा ओतला गेला, बॅकबेच्या भरावाच्या शेअरचा सट्टा पेटला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, ती बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. प्रेमचंद रायचंद त्या तेजीचे राजे, तेही त्यात बुडाले. राजाबाई टॉवर त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. टॉवर दिसतो. गावात काय झालं ते दिसत नाही. तेजीत सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली, सरकारने सारा वाढवला, मग भाव पडले आणि जप्त्या आल्या. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी काय जाळलं? कर्जरोखे. कागद.

पाऊलवाट

वऱ्हाडकरदादा, तुमचा प्रतिसाद हाच एक स्वतंत्र धागा आहे. वाचनखूण साठवली.

रानपाखरू

मी डेन्व्हरला असते. इथे कुणीच अजून नीट बोललं नाही असा एक भाग आहे, म्हणून खाते उघडल्यापासूनचा पहिला मोठा प्रतिसाद लिहितेय.

ती २७ कोटी एकर ‘फुकट’ नव्हती. ती कोणाकडून तरी घेतलेली होती. कॅन्ससमध्येच शॉनी, डेलावेअर, किकापू या लोकांना पूर्वेकडून आणून वसवलं होतं, ही आता कायमची तुमची असं सांगून. १८५४ आलं, गोऱ्यांना तीच जमीन हवी झाली, पुन्हा करार, पुन्हा हला. दक्षिणेच्या कापसाच्या जमिनीचंही तेच. १८३० च्या कायद्याने चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक यांना जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीतून काढलं म्हणून तिथे मळे पसरले. चेरोकींपैकी सुमारे चार हजार माणसं त्या हकालपट्टीत मेली.

मला सायलस सूलबद्दल सांगायचंय. त्याचं कुटुंब गुलामीविरोधी. कॅन्सस गुलामीमुक्त राहावं म्हणून पूर्वेकडून येऊन लॉरेन्सजवळ वसलं. पळालेल्या गुलामांना मदत केल्याबद्दल जॉन डॉय नावाचा माणूस मिसुरीत तुरुंगात होता. १८५९ मध्ये लॉरेन्सच्या दहा जणांनी जाऊन त्याला तुरुंगातून सोडवून आणलं, त्यात हा पोरगा होता. पुढे युद्धात तो कोलोरॅडोच्या फौजेत कॅप्टन झाला.

त्या फौजेचा कर्नल जॉन चिव्हिंग्टन. मेथडिस्ट धर्मोपदेशक, गुलामीचा कट्टर विरोधक, १८६२ मध्ये ग्लोरिएटा खिंडीत दक्षिणेच्या फौजेची रसद जाळून नाव कमावलेला. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे याच माणसाने सँड क्रीकवर शायान आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या छावणीवर हल्ला केला. तिथे शायानांचा प्रमुख ब्लॅक केटल होता. त्याने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण लावलेलं होतं, कारण त्याला सांगितलं होतं की झेंड्याखाली तू सुरक्षित आहेस. सुमारे २३० माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

सूल तिथे होता. त्याने आपल्या कंपनीला गोळी झाडू दिली नाही. लेफ्टनंट जोसेफ क्रेमरनेही नाही. दोघांनी पत्रं लिहून घडलं ते वरिष्ठांना कळवलं, सूलने चौकशीत साक्ष दिली. एप्रिल १८६५ मध्ये, लिंकन गेल्यावर आठवडाभराने, डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घालून मारलं. नुकतंच लग्न झालं होतं. चिव्हिंग्टनला शिक्षा झाली नाही.

दोघेही गुलामीविरोधी. दोघेही एकाच फौजेत. मला यातून काय निष्कर्ष काढायचा ते कळत नाही, पण पश्चिमेची गोष्ट या दोघांना शेजारी उभं केल्याशिवाय मला सांगता येत नाही.

निनाद

रानपाखरू, हे मला काहीच माहीत नव्हतं. आणि सोनचाफा, जाहीरनाम्यांचा मुद्दा मान्य. मी मिसिसिपी, टेक्सस, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना चारही वाचले. गुलामीचा उल्लेख शोधावा लागत नाही.

पण चाळीस एकरांबाबत एक विचारतो. युद्ध संपल्यावर देश पुन्हा जोडायचा होता. लिंकननंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी दक्षिणेतल्यांना माफी दिली, माफीबरोबर मालमत्ता परत देणं ओघानेच आलं असेल. दुसऱ्याची खासगी जमीन कायमची काढून वाटणं त्या काळच्या कायद्यात बसत होतं का? पर्याय खरोखर होता का?

सोनचाफा

आधी वऱ्हाडकरदादांना उत्तर. नुसता ताब्याचा कागद होता. काँग्रेस पुढे ठरवील तोवर, असं हुकमातच होतं. सातबारावर नाव कधी चढलंच नाही.

निनाद, पर्याय होता आणि तो मांडलाही गेला होता. पेनसिल्व्हेनियाचा खासदार थॅडियस स्टीव्हन्स याने सप्टेंबर १८६५ मध्ये जाहीर सभेत सांगितलं, दक्षिणेतल्या सुमारे सत्तर हजार बड्या जमीनदारांची जमीन घ्या आणि मुक्त झालेल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला चाळीस एकर द्या. उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांची मालमत्ता जप्त करायचा कायदा युद्धकाळात झालेलाच होता. काँग्रेसमध्ये त्याला पुरेशी साथ मिळाली नाही. आणि जॉन्सनने मे १८६५ पासून माफीनामे वाटायला घेतले.

मुक्त लोकांसाठी नेमलेल्या खात्याचा प्रमुख होता जनरल हॉवर्ड. सेव्हन पाइन्सच्या लढाईत त्याचा उजवा हात गेलेला. त्याने आधी जमिनी न परतवण्याचं परिपत्रक काढलं, जॉन्सनने ते फिरवायला लावलं. मग ऑक्टोबर १८६५ मध्ये त्यालाच साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर पाठवलं, लोकांना समजावून सांगायला. चर्च खच्चून भरलेलं. त्याने सांगितलं की जमीन जुन्या मालकांना परत जाणार. एकच गलका झाला. त्याला पुढे बोलता येईना. तेव्हा एका बाईने भजन सुरू केलं, माझं दुःख कुणा न ठावं अशा अर्थाचं, आणि सगळ्यांनी सूर धरला. हे हॉवर्डनेच लिहून ठेवलंय.

नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने, हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन, त्याला पत्र लिहिलं. त्याने त्यांना मालकांना माफ करा म्हणून विनवलं होतं. त्यावरचं या तिघांचं उत्तर मी माझ्या शब्दांत देते. तुम्ही सांगता माफ करा. तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित माफ कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून फोडून काढलं, जो मला आज त्याच्या रिकाम्या झोपडीतसुद्धा राहू देत नाही, तो ठरवील त्याच दराने मी त्याचं शेत कसल्याशिवाय, आणि माझी स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नसतो हे पक्कं ठाऊक असल्याने जो इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, त्या माणसाला माफ करणं मला जमत नाही.

शेवटचा भाग पुन्हा वाचा. १८६५ मधला, नुकता मुक्त झालेला माणूस अर्धेलीचं सगळं गणित एका वाक्यात सांगून गेलाय, अर्धेली नीट सुरू व्हायच्या आधी.

मुक्ता

१८७३ हे साल माझ्या डोक्यात घुमतंय म्हणून लिहिते. त्या वर्षी जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं आणि त्यांनी ते अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. इतक्या लांबून, पुण्यात बसून, त्यांनी ते युद्ध आपलं मानलं.

आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्सला कचेरी राखणाऱ्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या टोळीने हल्ला केला. शरण आलेल्यांनाही मारलं. मेलेल्यांचा आकडा कमीत कमी साठ, कुणी दीडशेही सांगतात. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची सुटका केली. चौदावी दुरुस्ती राज्य सरकारच्या कृत्यांना लागू, टोळीच्या नाही, म्हणे.

मला जोतीरावांचं काही चुकलं असं म्हणायचं नाही. त्यांनी विझत चाललेल्या दिव्याला हात जोडले आणि त्यातून इथे नवा लावला. त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला.

जुना वाचक

मुक्ताताई, मुद्दा फार मोलाचा. एक जोडतो: जोतीरावांनी पुढे शेतकऱ्याच्या कर्जावर, कोर्टकचेरीवर, कुलकर्ण्याच्या लेखणीवर जे लिहिलं ते वाचताना मला एडिस्टोचं पत्र आठवेल आता. मुक्ती म्हटल्यावर पोटाचा प्रश्न तेही सोडत नाहीत.

१८७७ चं वर्षही लक्षात घ्या. अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा सौदा झाला, हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या केंद्राच्या उरल्यासुरल्या फौजांचा काळ्यांमागचा पाठिंबा काढला गेला. निकोडेमस त्याच वर्षी वसलं. दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, मिसिसिपी-लुइझियानातून हजारो माणसं कॅन्ससकडे निघाली. मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने सामान घेऊन बोटींची वाट बघत बसलेली कुटुंबं, आणि गोऱ्यांच्या दबावाने कित्येक बोटवाले त्यांना घेत नव्हते. शेतातले हात गेले तर कापूस कोण वेचणार?

वऱ्हाडकर

ताई, एकच विचारायचं राहिलं. निकोडेमसच्या लोकांना तर १६० एकर मिळाली, स्वतःच्या नावाची. मग गाव ओस का पडलं?

सोनचाफा

दादा, रेल्वेमुळे. १८८० च्या दशकात गाव चांगलं उभं राहिलं होतं. दुकानं, हॉटेलं, वर्तमानपत्रं, शाळा. इथले एडवर्ड मॅकेब १८८२ ला कॅन्सस राज्याचे लेखापाल म्हणून निवडून आले. रेल्वे गावातून जावी म्हणून लोकांनी १८८७ मध्ये सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. एक कंपनी आलीच नाही. दुसरीने नदीपलीकडे, काही मैलांवर बोग नावाचं स्टेशन काढलं. १८८८ मध्ये दुकानदारांनी आपली दुकानं उचलून तिकडे नेली. काहींनी तर लाकडी इमारतीच ओढत नेल्या. मग दुष्काळ, मग १९३० च्या दशकातली धुळीची वादळं.

पण ओस म्हणू नका. काही घराण्यांनी त्या जमिनी आजवर सोडलेल्या नाहीत. दर जुलैच्या अखेरीस बाहेरगावी गेलेले सगळे परत येतात, मुक्तिदिनाचा मेळा भरतो, हॉलमध्ये जेवणाच्या पंगती बसतात. मी गेले तेव्हा मेळा नव्हता. हॉलच्या मागे कापणी झालेल्या गव्हाचं शेत होतं, खुंट पायाला टोचत होते. यंदा जुलैत मुलांना घेऊन जाणार आहे. रानपाखरू, डेन्व्हरहून तुम्हालाही एका दिवसात येता येईल. येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानपाखरू

येईन. त्याआधी सँड क्रीकला जाऊन येते. नोव्हेंबरात शायान-अरापाहोंची मुलं तिथून डेन्व्हरपर्यंत आळीपाळीने धावत येतात आणि वाटेत सूलच्या थडग्यापाशी थांबतात. गेल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला उभी होते. सगळ्यात पुढे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, हातमोजे नव्हते तिच्याकडे, बोटं लाल झालेली. मेळ्याची तारीख कळवा.